पाच दुकानांची मूठ

रमाबाई तिसरी शिकल्या होत्या, तीही पुरती नाही. पण ओहायोतल्या डब्लिनमध्ये, नेल सलून आणि ड्राय क्लीनरच्या मधोमध असलेल्या आपल्या किराणा दुकानात त्या उभ्या राहिल्या की भल्याभल्या एमबीएवाल्यांना पाणी पाजत. "तुमच्या लॅपटॉपला कळतं का रे, डाळीला भुंगा कधी लागतो ते?" असं विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता मूठभर तूरडाळ उचलून नाकाशी न्यायच्या. त्र्याहत्तर वर्षांचं नाक. त्याला अजून कोणी फसवलं नव्हतं.

मूठ बांधली तीही त्यांनीच.

चार वर्षांपूर्वीपर्यंत मुठीतल्या पाचही दुकानांचा माल न्यूजर्सीतल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून यायचा. त्याचं नाव कोणी घेत नसे, सगळे त्याला हत्ती म्हणत. चांगल्या पिठाच्या एका पोत्यामागं जुनाट रव्याची दोन पोती तो गळ्यात मारायचा. कोणी कुरकुर केली की दिवाळीच्या तोंडावर त्या दुकानी ट्रक पोचायचाच नाही. का, तर ड्रायव्हर आजारी. ड्रायव्हर बरा व्हायचा तो बरोबर दिवाळी उलटल्यावर.

त्या वर्षी चौदा ऑक्टोबरला, धम्मचक्र दिनाला, कोलंबसच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये वंदना झाली, जेवणं झाली, आणि एका टेबलाशी पाच दुकानदार आपापलं रडगाणं घेऊन बसले. पिट्सबर्गचा विवेक, इंडियानापोलिसचा शिव, वेस्ट विंडसरची पद्मिनी, शॉमबर्गची नीलांबरी आणि रमाबाई.

"काकू, हत्तीशी कोण भांडणार यार?" शिव म्हणाला. "त्यानं नुसतं अंग घासलं तरी आपलं कुंपण आडवं."

"हत्ती मुंगीला भितो, सोंडेत शिरते म्हणून," रमाबाई म्हणाल्या. "तू तर मुंगीचंही नाव घालवलंस."

मग त्यांनी उजवा पंजा टेबलावर ठेवला आणि एकेक बोट मिटत गेल्या. डब्लिन, वेस्ट विंडसर, पिट्सबर्ग, इंडियानापोलिस. करंगळी राहिली ती शॉमबर्ग. "सुटी बोटं कोणीही पिरगाळतं," त्या म्हणाल्या. "मिटली की मूठ होते, नाकावर बसते."

नियम त्यांनी सांगितले, पद्मिनीनं मोबाइलमध्ये उतरवले. माल पाचांनी मिळून एकाच कंटेनरमधून मुंबईहून थेट आणायचा. एकाच्या दुकानाला हात लागला, तर बाकीच्यांनी त्याच दिवशी माणूस पाठवायचा, कोण जवळ कोण लांब हे बघायचं नाही. आणि हत्तीचं पोतं कोणी दुकानात आणायचं नाही. आणलं, तर तो मुठीबाहेर. त्याला माल नाही, माणूस नाही, फोन नाही.

"फोनसुद्धा नाही मावशी?" नीलांबरी हसत म्हणाली होती.

"फोनसुद्धा नाही. बोललं की मन विरघळतं. माझंही विरघळेल, म्हणून सांगते."

नीलांबरीला हसायचा अधिकार होता. ती आणि तिचा नवरा कुमार अमरावतीहून आले, तेव्हा अकरा महिने रमाबाईंच्या बेसमेंटमध्ये राहिले होते. भाकरी थापायची कशी, हे तिला शिकवलं रमाबाईंनी. तिची पहिली भाकरी त्यांनी खिडकीतून बाहेर धरून बघितली होती, "इलिनॉय दिसतंय गं हिच्यातून." मूलबाळ नव्हतं तिला. आईही नव्हती. मावशी म्हणायची, पण ते 'आई' म्हटल्यासारखं यायचं, आणि रमाबाईंना ते कळायचं. बोलून दाखवायची त्यांची रीत नव्हती.

मूठ चांगली चालली. पिट्सबर्गच्या विवेकच्या दुकानाची दर्शनी काच कोणी दगड मारून फोडली, त्या दिवशी संध्याकाळच्या आत चार गावांच्या चार गाड्या त्याच्या पार्किंगमध्ये उभ्या होत्या. शिवनं प्लायवूड ठोकलं. कुमार तेव्हा धडधाकट होता, त्यानं एकट्यानं सगळी काच उचलली. रमाबाई दारात खुर्ची टाकून तीन दिवस बसल्या, थर्मासमधला चहा पोलिसांना पाजला आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे अशा बघत राहिल्या की परत कोणी त्या बाजूला दगड घेऊन फिरकलं नाही.

रमाबाईंची नात दीक्षा कोलंबसच्या युनिव्हर्सिटीत इतिहास शिकत होती. सुट्टीच्या दिवशी दुकानात येऊन ती कढीपत्त्याच्या पिशव्या भरायची आणि बडबडायची.

"आजी, यू नो व्हॉट? तू जे केलंस ना, ते सातशे वर्षांपूर्वी जर्मनीत केलं होतं लोकांनी. ल्युबेक, हॅम्बुर्ग, अशा खूप सिटीज. समुद्रात चाचे लुटायचे, राजे वाटेल तो टॅक्स लावायचे. मग सगळ्या सिटीज एकत्र आल्या. जहाजं एकत्र काढायची, एकावर अटॅक झाला की सगळ्यांनी धावायचं."

"राजाला नमवलं?"

"डेन्मार्कच्या किंगला. हो."

"मग सांग तुझ्या प्रोफेसरला, म्हणावं एक लुबेक डब्लिनमध्येही आहे." रमाबाईंची मान ताठ झाली. मग दुकानदाराचा प्रश्न त्यांनी विचारलाच. "आणि त्यांच्यातल्याच कोणी शब्द मोडला तर?"

"बाहेर काढायचे. ब्राउनश्वाइग म्हणून एक सिटी होती, तिला काढलं. कोणी तिच्याशी ट्रेड करायचा नाही, तिच्या माणसांना आत घ्यायचं नाही. पाच-सहा वर्षं. शेवटी तिथल्या मोठ्या लोकांना ल्युबेकला येऊन माफी मागावी लागली. अनवाणी, डोक्यावर काही नाही, हातात मेणबत्ती. सगळ्या गावासमोर चर्चपासून टाउन हॉलपर्यंत चालत." दीक्षानं तोंड वाकडं केलं. "सो ह्युमिलिएटिंग."

"बरोबर केलं," रमाबाई म्हणाल्या. "समोर येऊन मागितली म्हणजे ती माफी."

यंदा कंटेनर बंदरावर अडकला. कागदाचा एक तुकडा कमी पडला म्हणे. दिवाळी दहा दिवसांवर. पाचही दुकानांतले रॅक दात पडलेल्या तोंडासारखे दिसायला लागले.

नीलांबरीचा फोन आला. "मावशी, बेसन संपलं, पीठ संपलं. लोक येतात, बघतात, जातात. परत नाही यायचे ते."

"सगळ्यांचीच ती गत आहे. कळ काढ."

"कुमारला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतंय. त्याची नोकरी गेली. आता हे दुकानच आहे फक्त."

"कळ काढ म्हटलं ना."

तिनं चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी पद्मिनीच्या चुलतबहिणीनं शॉमबर्गहून फोटो पाठवला. नीलांबरीच्या काउंटरमागं पिठाची पोती रचलेली, आणि प्रत्येकावर हत्तीचा हिरवा पट्टा.

दुपारी चौघं व्हिडिओवर जमले. पद्मिनी म्हणाली, "काकू, आम्हीही उपाशी बसलोय की. मग आम्ही काय मूर्ख?" शिवनं होकारार्थी मान हलवली. विवेक एकटा घुटमळला. "काकू, एक चान्स द्या. कुमारदादाची हालत बघा ना. माझी काच फुटली तेव्हा..."

"आज तिला दिला, उद्या शिव मागेल, परवा तू मागशील. मग मूठ कुठली? उघडा पंजा, भीक मागायला."

नीलांबरीला मुठीबाहेर काढायचं का, मत घेतलं. चौघांनी मुठी वर केल्या. रमाबाईंची सगळ्यात आधी वर गेली, कारण त्यांची वर गेल्याशिवाय बाकीच्यांची गेली नसती, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

शेवटचा फोन त्यांनीच केला. तेवढा करावाच लागणार होता.

"डब्लिनला ये," त्या म्हणाल्या. "चौघांसमोर माफी माग. मग बघू."

"मावशी, सहा तास जायला, सहा यायला. त्याला एकट्याला कुणाजवळ टाकू? आता मागते ना, फोनवर. हात जोडून उभी आहे बघा मी. दुकानात गिऱ्हाईक आहे समोर, तरी जोडलेत."

"तोंडदेखलं नको मला. समोर ये."

"नाही जमणार हो."

"मग संपलं."

त्यांनी फोन ठेवला आणि तासभर त्याच्याकडेच बघत बसल्या. पोरीनं चिडावं, परत फोन करावा, भांडावं, असं त्यांना फार वाटत होतं. भांडली असती, तर काहीतरी वाट निघाली असती. नीलांबरी भांडणारी नव्हती, हीच पंचाईत.

कोपऱ्यात दीक्षा कढीपत्ता निवडत होती. सगळं तिनं ऐकलं होतं. ती हळूच म्हणाली, "आजी, तुझ्या गावानं पण तुम्हाला असंच केलं होतं ना?"

रमाबाईंनी तिच्याकडे बघितलं, तशी तिनं मान खाली घालून पुढची काडी उचलली.

यवतमाळकडच्या त्या गावाची गोष्ट दीक्षानं लहानपणापासून ऐकली होती. रमाबाई सात वर्षांच्या असताना त्यांच्या बापानं मेलेली ढोरं ओढायला नकार दिला. दुसऱ्याच दिवशी अख्ख्या वस्तीला गावानं वाळीत टाकलं. वाण्याचं दुकान बंद, चक्कीवाला ज्वारी दळून देईना, कोणी बोलेना. रमाबाईंच्या आईनं पडवीतलं जुनं जातं काढलं आणि तळहाताची सालटी निघेपर्यंत दळलं. धाकटा भाऊ तापानं फणफणला, तर गावात बारा बैलगाड्या असून एकही जुंपली गेली नाही. बापानं त्याला खांद्यावर टाकून तालुक्याला चालत नेलं. नेलं तेव्हा जिवंत होता.

"ते आणि हे एक नाही," रमाबाई म्हणाल्या. "आम्ही काय मोडलं होतं?"

कढीपत्ता निवडून झाला होता, तरी दीक्षा निवडतच राहिली.

दिवाळी झाली, कंटेनर सुटला. चार दुकानांत माल गेला. पाचवा वाटा रमाबाईंनी आपल्या मागच्या खोलीत उतरवून घेतला, त्याला कोणाला हात लावू दिला नाही. का, ते कोणी विचारलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास, फोन वाजला. इंग्रजी नाव रमाबाईंना वाचता यायचं नाही, म्हणून दीक्षानं प्रत्येकाचा फोटो लावून ठेवला होता. नीलांबरीचा फोटो त्यांच्याच बेसमेंटमधला, हातात भाकरी. फोन वाजून थांबला. परत वाजला. हळदीचं पाकीट घेऊन उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, "काकू, घ्यायचा नाही का?"

"माल मागायचा असेल," रमाबाई म्हणाल्या आणि काउंटर पुसायचं फडकं त्यांनी फोनवर टाकलं. तिसऱ्यांदा वाजला तो फडक्याखाली. मग निरोप आल्याची टुणकन खूण झाली.

दुपारी दीक्षा आली, तिनं फोन बघितला. "आजी, व्हॉइसमेल आहे. नीलांबरीमावशीचा. लावू?"

जीभ 'लाव' म्हणायला उठली होती. त्यांनी ती आवरली. "नको. पुसू नको, पण लावूही नको. मी बाकीच्यांना नियम सांगायचा आणि मीच चोरून ऐकायचं?"

शुक्रवारी विवेकचा फोन आला. त्याचा आवाज ओळखू येईना.

"काकू, कुमारदादा गेला."

कसा, ते त्यानं तुकड्यातुकड्यात सांगितलं. सोमवारी रात्री कोणीतरी नीलांबरीच्या दुकानाची काच फोडली होती. पोलीस आले, कागद लिहून गेले. काच बसवणाऱ्यानं पुढच्या आठवड्याची तारीख दिली. दोन दिवस तिनं पुठ्ठे लावून दुकान उघडं ठेवलं, बर्फाचा वारा आत यायला लागला. गुरुवारी कुमारचं डायलिसिस नसतं. त्याला काउंटरवर बसवून ती प्लायवूड आणायला गेली. तो बसून राहणारा माणूस नव्हता. चौकटीत वर अडकलेला काचेचा मोठा तुकडा काढायला म्हणून त्यानं डावा हात घातला. डायलिसिससाठी मोठी केलेली शीर त्याच हातात होती. काच वरून सरकली, नेमकी त्या शिरेवर. ती पाऊण तासानं आली. तोवर अंगात काही उरलं नव्हतं.

"तिनं मलाही केला होता फोन, मंगळवारी," विवेक म्हणाला. "मी नाही उचलला काकू. शिवनं पण नाही. तो तर तीन तासांवर आहे." मग तो रडायलाच लागला. "माझ्या दुकानची सगळी काच त्यानं एकट्यानं उचलली होती हो."

रमाबाईंनी फोन दीक्षाच्या हातात दिला. "लाव ते."

दीक्षानं लावलं. नीलांबरीचा आवाज, मागं वाऱ्याचा घोंघाट. "मावशी, काच फुटली दुकानाची. माल नको मला. नियम मोडला मी, मान्य आहे. फक्त माणूस पाठवा एक. दोन दिवसांसाठी. कुमार ऐकत नाही माझं, काच उचलायला बघतो. बाकी काही नको."

संपलं. दीक्षा तोंडावर हात ठेवून उभी होती. रमाबाई म्हणाल्या, "परत लाव." तिनं परत लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं, तेव्हा दीक्षा "नो, आजी" म्हणाली आणि फोन खिशात घातला.

संध्याकाळी पद्मिनीचा फोन. तीही रडली होती, नाक चोंदलेलं होतं. "काकू, विचारायचं होतं. अंत्यविधीला... म्हणजे जायचं ना आपण? का नियमात..."

रमाबाईंनी आयुष्यात लाखो शब्द तोंडातून काढले होते, त्यातले निम्मे कोणाला ना कोणाला टोचले होते. "मी जाते," एवढंच त्या म्हणाल्या. तुम्हीही या, हे म्हणायचं राहिलं. आणि त्या म्हणाल्या नाहीत म्हणून तिघंही गेले नाहीत. इतकी घट्ट मूठ बांधली होती त्यांनी.

शनिवारी पहाटे उठून त्यांनी ज्वारीच्या भाकरी थापल्या, पिठलं केलं, ठेचा केला. मरण झालेल्या घरी चूल पेटत नाही, बाहेरून डबा न्यायचा असतो. भाकऱ्यांचं पीठ मागच्या खोलीतल्या पाचव्या वाट्यातलं घेतलं. दीक्षानं गाडी काढली.

सहा तास. मक्याची कापलेली शेतं संपता संपेनात. इंडियानापोलिस मागं पडलं तेव्हा रमाबाई एकदम बोलल्या, जणू दीक्षानं त्या दिवशीचा प्रश्न आत्ता विचारला होता.

"पाटीलही हेच म्हणाला होता."

"काय, आजी?"

"गावाचा नियम मोडला तुम्ही. चावडीवर बसून म्हणाला. तोंडावर राग नव्हता गं त्याच्या. म्हणाला, एकाला सोडलं तर उद्या गाव राहणार नाही." त्यांनी मांडीवरचा डबा घट्ट धरला. "समोर येऊन माफी माग म्हणाला बापाला. बाप नाही गेला."

शॉमबर्ग येईपर्यंत डबा त्यांच्या मांडीवरच होता.

अंत्यविधी सकाळीच उरकला होता. नीलांबरीच्या टाउनहाउसपुढं चारपाच गाड्या होत्या, पण पिट्सबर्गची नव्हती, इंडियानापोलिसची नव्हती, वेस्ट विंडसरची नव्हती. शॉमबर्गमधली ऑफिसांतली काही मराठी मंडळी आली होती, त्यांचे बूट दाराबाहेर ओळीनं लावलेले. रमाबाईंनी सवयीनं आपले बूट काढले, मोजे ओले होतील म्हणून तेही काढून बुटांत कोंबले आणि डबा दोन्ही हातांत धरून पायरीवर चढल्या. दीक्षानं बेल वाजवली.

आतलं लाकडी दार उघडलं. बाहेरचं काचेचं दार बंदच होतं. त्यापलीकडे नीलांबरी उभी राहिली, पांढऱ्या साडीत. केस विंचरलेले, डोळे कोरडे. डाव्या मनगटाला बँडेज होतं. कुमारला काचेतून सोडवताना कापलं असावं.

"नीले," रमाबाई म्हणाल्या.

ती बघत होती. राग असता, तर रमाबाईंना ओळखता आला असता. तो नव्हता.

"मावशी," काचेमागून तिचा आवाज बारीक आला, "माल नाही, माणूस नाही, फोन नाही. तुम्हीच सांगितलं होतं ना? आता मला पाळू द्या."

"पोरी, मी माफी मागायला आले. समोर आले बघ."

"हो," नीलांबरी म्हणाली. "तुम्हाला जमलं यायला."

लाकडी दार तिनं आपटलं नाही. हळू लावलं, घरात कोणी झोपलं असावं तसं.

रमाबाई पायरीवर उभ्या राहिल्या. सिमेंटवर कोणीतरी मीठ टाकलं होतं, बर्फ विरघळायला. ते तळव्यांना लागत होतं. आतून कोणीतरी वंदना सुरू केली, पाचसहा आवाज त्यात मिसळले. बाहेर जायला निघालेला एक सूट घातलेला मुलगा दार किलकिलं करून आला, "एक्स्क्यूज मी, आजी" म्हणत त्यांना वळसा घालून बूट घालायला वाकला आणि वर न बघता निघून गेला.

"आजी, शूज घाल. इट्स फ्रीझिंग. प्लीज."

दीक्षानं बूट उचलून त्यांच्या पायांशी आणून ठेवले. रमाबाईंनी ते पायानं बाजूला सारले.

"ती तुझी जर्मनीतली माणसं," त्या म्हणाल्या, नजर दारावरच. "ती चालत गेली. त्यांना माफ केलं होतं का गं शेवटी?"

दीक्षाला पुस्तकातलं पान आठवलं. "हो आजी. परत घेतलं त्यांना."

"त्यांच्यामुळं कोण मेलं होतं का?"

दीक्षानं बूट परत उचलले. ती आजीच्या शेजारी पायरीवर जाऊन उभी राहिली. डब्यातल्या भाकरीची वाफ झाकणाखाली केव्हाच गार झाली होती. रमाबाईंनी डबा खाली ठेवला नाही.